निळ्याची साक्ष

सिग्नलमधल्या हिरव्या माणसाची वाट पाहत सुश्रुत चौकात उभा होता आणि त्याच्यासमोरून तो स्वतःच निघून गेला. बसच्या कुशीवर चिकटवलेला, माणसाहून उंच, दात किंचित दिसतील इतपत हसणारा. उजवा कान दरवाजाच्या फटीत अर्धा कापला गेलेला. नॉटिंगहॅमच्या त्या ओल्या दुपारी बस वळणावर मंदावली, म्हणून चेहऱ्याखालची अक्षरे त्याला सावकाश वाचता आली. ‘मी आजारी पडलो, नापास झालो. या कॉलेजने मला दुसरी संधी दिली.’ त्याखाली, बारीक अक्षरांत: सुश्रुत, डिझाइन इंजिनिअर. बस गेली, दिवा हिरवा झाला, माणसे त्याला खांदा घासून पलीकडे गेली, दिवा पुन्हा लाल झाला, आणि तो होता तिथेच उभा राहिला. आपल्याला राग आला आहे हे त्याला लगेच उमगले नाही. एवढेच जाणवले, की उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या टोकावर गोल गोल फिरतो आहे. जणू तिथे काहीतरी चिकट लागले आहे आणि ते किती पातळ आहे हे अंगठा अजमावून पाहतो आहे. छायाचित्र त्याचेच होते. वसंतात कॉलेजने मागितले तेव्हा त्याने आनंदाने काढून दिले होते. त्याच संध्याकाळी कॉलेजच्या सभागृहात माजी विद्यार्थ्यांचा सत्कार होता, आणि त्यात चार शब्द बोलायचेही त्याने कबूल केले होते. चेहरा दिला होता, शब्द देऊ केले होते. पण हे वाक्य त्याने कोणालाही दिले नव्हते.

वाक्याशी त्याचे भांडण चालता चालताच सुरू झाले, आणि एकट्याने घातलेल्या वादाला जी धार चढते ती त्यालाही चढली. आजारी तो पडला नव्हता. नापास झाला नव्हता. परीक्षेला बसलाच नाही त्याला नापास कोण करणार? पण ही दोन्ही असत्ये त्याला सरळ वाटली, चोरासारखी. पकडली की संपली. खरा लबाड होता तो ‘दुसरी’ हा शब्द. दुसरी संधी म्हणायची, तर पहिली हातून गेलेली असली पाहिजे. त्याची गेली नव्हती. त्याने ती परत केली होती. दुकानातून आणलेला शर्ट अंगाला येत असूनही परत करावा, तशी, घडी न मोडता. शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत, त्याच्याबद्दल वर्तवलेले ग्रेड उत्तम होते. मेडिकलला जाण्याइतके उत्तम. किंबहुना त्याचे मेडिकलला जाणे हे ग्रेडच्याही आधी ठरले होते, बारशालाच. नाहीतर भूल देणाऱ्या डॉक्टरने मुलाला शस्त्रक्रियेच्या आद्य आचार्याचे नाव कशाला ठेवले असते? रसायनशास्त्राच्या तासाला शिक्षक मार्क स्कीम, म्हणजे कोणत्या शब्दाला किती गुण याची यादी, पडद्यावर लावीत आणि विचारीत, परीक्षकाला इथे कोणता शब्द हवा आहे? सुश्रुतला तो शब्द नेहमी माहीत असे. हेच हळूहळू त्याच्या घशाशी येऊ लागले. आपल्याला पदार्थ माहीत नाही, परीक्षक माहीत आहे. आपण जन्मभर कोणत्या तरी परीक्षकाच्या मनातला शब्द ओळखत राहणार, आणि तो अचूक ओळखतो म्हणून लोक आपल्याला हुशार म्हणणार, ही जाणीव सतराव्या वर्षी त्याला भीतीसारखी वाटली होती. आजही, चौक मागे पडून रस्ता चढणीला लागला तरी, तिची चव जिभेवर जशीच्या तशी होती: खडूची, कोरडी.

आणि मग ती या कॉलेजातली कार्यशाळा. तिथे तो शिकायला गेलाच नव्हता. एका मित्राचे जाकीट परत करायला गेला होता. काचेच्या दाराआड पन्नाशीच्या एक बाई, मिसेस हॅलम, बिडाच्या एका सपाट जड पाटावर निळा रंग चोपडत होत्या, इतका पातळ की रंगापेक्षा त्याची छायाच पसरावी. त्यावर त्यांनी पोलादाचा एक ठोकळा अलगद घासला आणि उलटून धरला. ठोकळ्याच्या तोंडावर निळे ठिपके उमटले होते. तीनच, एका कोपऱ्याला दाटलेले. डोळ्याला तो आरशासारखा सपाट दिसत होता. पण पाटाला टेकत होता तो फक्त त्या तीन ठिपक्यांवर. जिथे निळे, तिथे उंच. तेवढेच कानशीने घासायचे, पुसायचे, पुन्हा पाटावर ठेवायचे, पुन्हा उलटून पाहायचे. “आणि संपतं कधी?” दारातून त्याने विचारले होते. “सगळीकडे सारखा निळा झाला की,” त्या म्हणाल्या. “त्याआधी नाही, डक.” या भागात लहानथोर सर्वांनाच लोक प्रेमाने डक म्हणतात. मग त्याच्या शाळेच्या गणवेशाकडे, गळ्यातल्या टायकडे पाहून त्यांनी पुस्ती जोडली, “निळ्याला तुझा बाप कोण हे विचारता येत नाही.” त्यांनी ते सहज म्हटले असेल. पण परीक्षकाला कोणता शब्द हवा हे जिथे विचारावेच लागत नाही, असे ठिकाण बसच्या दोन थांब्यांवर आहे, ही बातमी त्याला त्यापूर्वी कोणी दिली नव्हती. आठवडाभराने त्याने शाळेच्या ऑफिसात जाऊन नाव काढले. ज्याला आपण निर्णय म्हणतो तो बहुधा मागाहून रचलेला असतो, हे त्याला मान्य होते. पण हा तसा नव्हता. हा घेताना त्याचे गुडघे थरथरले होते, आणि परिस्थितीने ढकललेल्या माणसाचे गुडघे थरथरत नाहीत, त्याला थरथरायला सवडच नसते, असे त्याचे मत होते.

चढणीच्या मध्यावर थांबून त्याने कॉलेजच्या प्रसिद्धी विभागाला फोन लावला. जेस नावाची मुलगी बोलली. तिच्या आवाजात काम करणाऱ्या माणसाची उमेद होती, त्यामुळे तिच्यावर रागावणे कठीण झाले. “पण ते तुमच्याच घरून आलं!” ती म्हणाली. “आमच्याकडे जुना लँडलाइन नंबर होता. तुमच्या डॅडनी उचलला. सो लव्हली, सो आर्टिक्युलेट! मी टाइप करत होते आणि ते फुलस्टॉपसुद्धा सांगत होते.”

“ते खरं नाहीये.”

“ओह. म्हणजे... कुठला भाग?”

“सगळा.”

“बसवरची पोस्टर्स सहा आठवडे निघत नाहीत,” ती बारीक आवाजात म्हणाली, “आणि खरं सांगू? लोकांना ते खूप आवडलंय. आजारातून उठून वगैरे. तुम्ही आज रात्री... यू नो... पॉझिटिव्ह ठेवाल ना?”

“मी अगदी पॉझिटिव्हली सांगणार आहे,” तो म्हणाला आणि फोन बंद केला.

फुलस्टॉपसुद्धा सांगत होते. हे बाबांचेच. आजार हाही बाबांचाच होता. त्यांनीच तो जन्माला घातला होता, डॉक्टरी नेमकेपणाने. नुसता ताप नव्हे, साधी अशक्तता नव्हे, तर ग्लँड्युलर फीव्हर: तरुणांना होणारा, महिनोन्‌महिने रेंगाळणारा, आणि दिसण्यासारखे कोणतेही चिन्ह मागे न ठेवणारा. महाराष्ट्र मंडळात, हॉस्पिटलात, पुण्याच्या फोनवर, सर्वत्र तो आजार पसरला; ज्याला झाला होता त्याला सोडून सर्वांना त्याचा त्रास झाला. मंडळाच्या मधुमती काकू मुगाची खिचडी घेऊन भेटायला आल्या, तेव्हा तो नुकताच कार्यशाळेतून परतला होता. बाबांनी त्याला बुटांसकट अंथरुणात घातले आणि गळ्यापर्यंत दुलई ओढली. काकूंनी मायेने त्याचा हात दुलईबाहेर काढला आणि किंचाळल्या, “अगंबाई अरुणा! पोराची बोटं बघ किती निळी पडलीत!” तो निळा रंग साबणाला दाद देत नाही, दिवसचे दिवस नखांच्या कडांत राहतो. आई तोंडावर पदर नसतानाही तो धरल्यासारखी वळून स्वयंपाकघरात गेली. आणि बाबा? भूल दिलेल्या माणसाची बोटे निळी पडताहेत का हे पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, निळी नखे म्हणजे प्राणवायू कमी, हे जे शिकाऊ डॉक्टरांना ओरडून शिकवीत, ते बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून गंभीरपणे म्हणाले, “होतं असं कधी कधी.” त्या क्षणाचे सुश्रुतला अनेक वर्षे हसू येत असे. आज येत नव्हते. ती बोटे म्हणजे त्याने स्वतः मिळवलेली पहिली गोष्ट होती, आणि तीच त्यांनी आजाराचा पुरावा म्हणून पुढे केली होती. मग कॉलेज झाले, गिअर बनवणाऱ्या कंपनीत उमेदवारी झाली, दिवसा काम आणि संध्याकाळी वर्ग अशी पदवी झाली. पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्सची जी चित्रे तो आज काढतो त्यांवर पृष्ठभाग किती सपाट हवा हे लिहिताना त्याची बोटे अजून त्या पाटावर असतात. लोक म्हणू लागले, बघा, आजारातून उठून पोराने नाव काढले. बाबांनी कधी खोडून काढले नाही. खोटे एकदा बोलले की संपते. हे दरवर्षी त्याच्या प्रगतीचे पाणी पिऊन वाढत गेले आणि आता बसवर चढले.

आईबाबांच्या घराचे दार आईने उघडले. स्वयंपाकघरात सिंकजवळ पनीर निथळत होते: फडक्यात बांधलेला गोळा, त्यावर ताटली, ताटलीवर सुश्रुतचा ठोकळा. कॉलेजच्या पहिल्या सत्रात त्याने हाताने घासून सहाही बाजू काटकोनात आणलेला पोलादाचा घन. त्याने तो अभिमानाने घरी आणला तेव्हा बाबांनी वर्तमानपत्रावरून पाहून विचारले होते, “एवढ्यासाठी सहा महिने?” आणि आईने तो हातात तोलून पनीरवर ठेवला होता. तेव्हापासून तो तिथेच. दर वेळी ती तो पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवी. त्यामुळे त्याला कधी गंज चढला नव्हता.

बाबा जेवणाच्या टेबलाशी सूट घालून तयार बसले होते, टायसकट. समारंभाला अजून दोन तास होते. “काय रे, इतक्या लवकर?” ते म्हणाले. “बस पाहिलीस? मधुमतीबाईंनी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय. सगळे येतायत आज.”

“बाबा, तो वाक्य माझा नाही.”

“ते वाक्य,” बाबा म्हणाले. “नपुंसकलिंग.”

“ते वाक्य. ते पण माझं नाही.”

“उत्तम इंग्रजी आहे त्यात. कुठे खोट दाखव.”

“मी आजारी नव्हतो!”

“अहो, त्याला आधी चहा तरी घेऊ द्या,” आई म्हणाली, पण किटलीकडे गेली नाही.

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा नेहमीच उघडा पडल्यासारखा, शर्ट काढलेल्या माणसासारखा दिसे. “मग काय सांगायला हवं होतं मी? डॉक्टरच्या मुलाने, चांगले ग्रेड येणार असताना, एके दिवशी उठून शाळा सोडली? आपल्या पुण्यात याला आयटीआय म्हणतात, सुश्रुत. तिथे जाणारी मुलं निदान नाइलाजाने जातात. आजारी होता म्हटलं, की लोक हळहळतात आणि विषय संपतो. स्वतःहून गेला म्हटलं, की लोक विचारतात, का? आणि ‘का’ मला माहीत नव्हतं.”

“मी सांगितलं होतं. मला आवडलं म्हणून.”

“आवडलं हे कारण नाही. गुलाबजाम आवडतात.”

“तुमच्यासाठी नसेल. माझ्यासाठी होतं.”

“मला अजूनही कळत नाही, निवडण्यासारखं काय होतं त्यात.”

“तुम्हाला कळायला पाहिजे अशी अट नव्हती, बाबा.”

हे वाक्य आपण इतक्या शांतपणे म्हणू शकलो याचे सुश्रुतला आश्चर्य वाटले. कदाचित चढणभर त्याने तेच घासून आणले असेल. बाबा थोडे मागे सरले. मग, रुग्णाला सुई टोचण्यापूर्वी वापरायचा तो खालचा, मऊ आवाज त्यांनी लावला. “हे बघ. आज गप्प राहा. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. आभार मान, खाली बस. इतकी वर्षं लोक तुझ्याकडे बघून टाळ्या वाजवतायत, त्या वाजवू दे.”

“त्या आजाऱ्यासाठी आहेत. मी त्या नाही घेणार.”

“मग मला काय म्हणतील तिथे?”

“खोटारडे म्हणतील,” आई म्हणाली. दोघांनी तिच्याकडे पाहिले. तिने ठोकळा उचलला, फडक्याने पुसला, आणि सुश्रुतच्या हातात दिला. तो दुधाच्या पाण्याने कोमट झाला होता. “पनीर झालंय,” ती म्हणाली. “हे घेऊन जा. आणि तुम्ही छत्री घ्या. मी मधुमतीबरोबर गाडीने येते, तिला वाटेत काय ते सांगते. खिचडी तिची होती.”

थांब्यावर ते दोघे अंतर राखून उभे राहिले. पावसाची भुरभुर होती. बाबांनी छत्री उघडली आणि ती दोघांच्या मध्ये, कोणावरच नीट येणार नाही अशी धरली. कोटाच्या खिशात ठोकळ्याच्या वजनाने सुश्रुतचा एक खांदा खाली ओढला जात होता. त्याने खिशात हात घालून अंगठ्याने एक कड चाचपली. तिथे आजही एक केसाएवढा उतार होता. मिसेस हॅलमनी तो दाखवून, हसून, तरीही पास म्हटले होते, आणि त्याला ते पास होणे आवडले नव्हते. आपण सभागृहात काय बोलणार हे त्याने मनात जुळवायला घेतले: मी इथे आलो, कारण मला इथे यायचे होते. एवढेच. त्याला पुढे-मागे काही जोडायचे नव्हते. जोडलेली प्रत्येक गोष्ट परीक्षकासाठी असते. पण मग बाबांना पहिल्या रांगेत बसलेले त्याने मनाने पाहिले, टायसकट, आणि त्याचे गुडघे पुन्हा, अनेक वर्षांनी, तसेच थरथरले. बरे वाटले त्याला. म्हणजे हाही निर्णयच होता.

वळणावरून बस आली, आणि तिच्या कुशीवर तो हसत होता.

“ही नको,” बाबा घाईने म्हणाले. “पुढची घेऊ.”

सुश्रुतने हात पुढे केला. बस थांबली, दार उघडले. बाबा छत्री मिटण्याच्या खटपटीत मागे रेंगाळले, आणि तेवढ्यात ड्रायव्हरने, लालसर दाढीच्या एका धिप्पाड माणसाने, त्याच्याकडे पाहिले, वाकून बाहेरच्या चित्राकडे पाहण्याचा अभिनय केला, पुन्हा त्याच्याकडे पाहिले. “अरे, तूच की तो! दिवसभर तुला घेऊन फिरतोय मी. बरा आहेस ना आता, डक?”

“मी आजारी नव्हतोच,” सुश्रुत म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला त्याहून मोठा लागला. पुढच्या बाकांवरच्या दोन म्हाताऱ्या बायांनी माना वळवल्या, एका मुलाने कानातले इअरफोन काढले. “नापासही झालो नव्हतो. बाहेर लिहिलंय ते खोटं आहे. मी स्वतःहून गेलो.”

“असं?” ड्रायव्हर म्हणाला. त्याला खरेखोटे करण्यात रस होता असे नव्हे. पण थांब्यापुरती करमणूक कोणाला नको असते? त्याने पायरी चढून आलेल्या बाबांकडे हनुवटी केली. दोघांचे नाक एकच होते. नाते विचारावे लागण्याजोगे नव्हते. “काय म्हणता, डॅड? आजारी होता की नव्हता?”

बाबांनी आपला बसपास यंत्रावर टेकवला. यंत्र वाजले. त्यांनी तो पुन्हा पाकिटात ठेवला, पाकीट खिशात ठेवले. बस हलत नव्हती. बाया पाहत होत्या. सुश्रुत दांडीला धरून उभा राहिला आणि त्याने वडिलांना कोणतीही मदत केली नाही. एक शब्द सुचवला नाही, मान हलवली नाही, दुसरीकडे पाहिले नाही. हे क्रूर आहे हे त्याला कळत होते. पण सतरा वर्षांच्या एका मुलाची बोटे दुलईबाहेर काढलेली होती, आणि त्यांच्याबद्दल अजून कोणीतरी बोलायचे बाकी होते.

“नो,” बाबा शेवटी म्हणाले. रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना ते जसे प्रत्येक शब्द सुटा ठेवीत, तसे. “ही वॉज नॉट इल.” ते थांबले, योग्य शब्दासाठी त्यांनी छताकडे पाहिले, आणि सापडल्यावर तो जवळजवळ चीड आल्यासारखा उच्चारला. “ही वॉज डिसओबीडियंट.”

“शाब्बास!” एक म्हातारी म्हणाली, कोणाला, ते कळले नाही. ड्रायव्हर हसला, दार बंद झाले, बस निघाली. बाबा खिडकीशी जाऊन बसले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचे डोके चित्रातल्या त्या अवाढव्य कपाळाच्या बरोबर वर दिसत असणार. “मला अजूनही कळत नाही हं,” खिडकीकडे तोंड करून ते मराठीत म्हणाले.

“नका कळून घेऊ,” सुश्रुत म्हणाला.

तो बसला नाही. खिशातल्या ठोकळ्यावर पंजा ठेवून, बसच्या हेलकाव्यांबरोबर हलत, तो त्या एका शब्दाकडे परत परत गेला. त्यात कौतुक नव्हते. क्षमा नव्हती, समजूत नव्हती. वडिलांनी तो दिला तो आरोप म्हणूनच. पण आजवर त्याच्याविषयी बोललेला हा पहिला शब्द असा होता की ज्याच्या मागून परीक्षक डोकावत नव्हता. सुश्रुतने तो मनातल्या पाटावर ठेवला, अलगद घासला, उलटून पाहिला. मग पुन्हा एकदा, खात्रीसाठी, दुसऱ्या दिशेने. कुठे उंच नव्हता, कुठे खोल नव्हता. कडेपासून कडेपर्यंत सारखा निळा.